क्रांतीला कोणी घराबाहेर काढू नये म्हणून

मी, विजयमाला तवनाप्पा कुंभोजे, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय वकिली, विधान परिषदेची माजी सदस्य, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. प्रियदर्शनी मोहिते यांनी आज सकाळी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. भीती मात्र आहे आणि ती मी लपवत नाही. धाक घालून लिहवून घेतलेले मृत्युपत्र टिकत नाही, हे मी कोर्टात अनेकदा सांगितले आहे. पण ज्यांनी मला धाक घातला त्यांना या कागदातून काहीही मिळत नाही, एवढे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

१. मी अविवाहित आहे. माझे एकुलते बंधू वारले. त्यांची दोन मुले, भाचा सम्मेद व भाची आदिती, हेच माझे वारस. सम्मेद जयसिंगपूरला शेतीच्या अवजारांचे दुकान चालवतो. आदिती कोल्हापुरात वकिली करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आदितीने करावी.

२. माझ्या घरात क्रांती पिराजी चौगले, मूळ राहणार कोडोली, ही राहते. ती नात्याने माझी कोणी नाही, म्हणून ती इथे कशी आली ते लिहून ठेवणे भाग आहे.

तिचा भाऊ धैर्यशील याला विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचलले. क्रांती भावाचा डबा घेऊन ठाण्यावर गेली. पुढच्या दाराने आत सोडेनात, म्हणून ती मागच्या खिडकीशी गेली. तिथून तिने एक अधिकारी भावाला मारत असल्याचे पाहिले. माझ्याकडे आली तेव्हा डबा तसाच भरलेला तिच्या हातात होता. "आक्का, त्यो मला हाका मारत हुता," ती म्हणाली, "आन मग हाका बंद झाल्या."

मी त्या वेळी विधान परिषदेत होते. नागपूरच्या अधिवेशनात मी लक्षवेधी सूचना मांडली. उत्तर आले की कोठडीतला मृत्यू हृदयविकाराने झाला. धैर्यशील तालमीत जाणारा पोरगा होता. त्याच अधिवेशनात पोलिसांसंबंधीचे एक विधेयक चर्चेला आले. मी त्याला दुरुस्ती सुचवली: कोठडीत माणूस दगावल्यास शवविच्छेदन दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी करावे, सगळे कॅमेऱ्यात घ्यावे, आणि घरचे माणूस हजर असावे. बोलताना मी समोरच्या बाकाची कड धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने त्याला ठामपणा म्हटले. कड सोडली असती तर मी खाली बसले असते. "बाई, खाली बसा," असे ओरडणे सुरू झाले तेव्हा मी त्या अधिकाऱ्याचे नाव घेतले. सभापतींच्या पीठासनावरून ते नाव कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश झाला. छापील कामकाजात आज त्या जागी टिंबे आहेत.

चहाच्या वेळी माझ्याच पक्षाचे सदस्य गणपतराव लॉबीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, भाषण झालं, पेपरात येईल. आता विषय संपवा की. पुन्हा तिकीट नको का तुम्हाला?"

मी म्हणाले, "गणपतराव, तुम्ही फक्त 'होय' म्हणा. आवाजी मतदान आहे, कोण म्हणाले ते कळायचेही नाही."

ते तेवढेही म्हणाले नाहीत. दुरुस्ती पडली. तिकीटही गेले.

सभागृहात उच्चारलेल्या शब्दासाठी सदस्याला कोणत्याही कोर्टात खेचता येत नाही, असे घटना सांगते. माझे हे संरक्षण सभागृहाच्या दारापर्यंत होते. क्रांतीला ते कुठेच नव्हते. कोडोलीत तिच्या घरावर दगड पडू लागले तेव्हा मी तिला इथे आणले.

३. खटला आता कुठे उभा राहिला आहे. गेल्या आठवड्यात क्रांतीची साक्ष सुरू झाली. सरकारी वकिलांनी विचारले, "मारणारा माणूस इथे आहे का?" तिने हात वर केला, पण बोट लांब होईना. मी मागच्या बाकावर होते. शेवटी ती म्हणाली, "ह्योच हाय," आणि तिने त्याच्याकडे पाहिले. उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक माणूस आमच्याकडे आला. पांढरे कपडे, पायात नवी कोल्हापुरी. "पावणं म्हणून आलोय," म्हणाला. मी पाणी दिले. त्याने ते सावकाश प्यायले आणि घरातला जिना वरपर्यंत न्याहाळला.

"जिना लई उभा हाय, आक्कासाहेब. ह्या वयात पाय सरतो."

"आपण कोण?"

"आमी कोण न्हाय. पोरीला गावाकडं धाडा. तुमच्या माघारी तिला हितं कोण ठेवून घेणार हाय?"

भांडे त्याने जमिनीवर न ठेवता माझ्या हातात दिले आणि वाकून नमस्कार करून गेला. तेव्हापासून मी जिना चढलेली नाही. माझी खोली खाली आणली आहे. दाराची घंटा वाजली की आधी खिडकीतून पाहते. पोलिसांत तक्रार दिली. पोहोच मिळाली, बंदोबस्त मिळालेला नाही. त्या माणसाचा शेवटचा प्रश्न मात्र खरा होता. हे मृत्युपत्र त्याचे उत्तर आहे.

४. राजारामपुरीतील राहते घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते क्रांतीच्या नावे करावे असा माझा विचार होता. मी तिला तसे सांगितले, तर तिने पिठाचा हात तसाच वर धरला.

"नगं, आक्का. मग वकील इचारंल, घरासाठी साक्ष दिलीस काय गं? त्याला म्या काय सांगू?"

जे मला सुचायला हवे होते ते तिला सुचले. म्हणून घराची मालकी मी आदितीला देत आहे. परंतु क्रांतीला तळमजल्यावर तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. आदितीने, सम्मेदने किंवा पुढे घर विकत घेणाऱ्या कोणीही तिला काढू नये.

या हक्काला कोणतीही अट नाही. उलटतपासणीत क्रांती डगमगली, भीतीने साक्ष फिरवली, "मला काही आठवत नाही" असे म्हणाली, तरीही तिला इथेच राहू द्यावे. तिला कोणी एक शब्द बोलू नये. भीती काय करते हे मला ठाऊक आहे. खरे बोलण्याचे बक्षीस म्हणून मी तिला छप्पर देत नाही. तिला छप्पर हवे आहे, म्हणून देते.

५. माझा मृत्यू अचानक झाला, मग तो जिन्यावर असो, रस्त्यावर असो की झोपेत, तर शवविच्छेदनाची मागणी आदितीने लेखी करावी. ते बाहेरगावच्या डॉक्टरांनी करावे, कॅमेऱ्यात घ्यावे आणि घरचे माणूस हजर असावे. सभागृहाने नाकारलेली दुरुस्ती मी निदान माझ्या देहापुरती मंजूर करून घेत आहे. त्यानंतर आमच्या धर्माप्रमाणे साधे अंत्यसंस्कार करावेत.

६. शोकसभा घेऊ नये. कोणी घेतलीच तर गणपतराव यांना बोलू देऊ नये. ते गप्प राहू शकतात, हे मी पाहिले आहे.

७. कायद्याची पुस्तके व विधान परिषदेच्या कामकाजाचे छापील खंड आदितीला. टिंबांच्या जागी काय होते ते तिने मला विचारून घेतले आहे.

~~८. जयसिंगपूरच्या दुकानातील माझा निम्मा हिस्सा सम्मेदला.~~

वरील कलम ८ मी स्वतः खोडले असून बाजूला सही केली आहे. तो हिस्साही आदितीला जावा. कारण येथे लिहिते.

सम्मेदवर माझा राग होता. तो माणूस येऊन गेल्यावर सम्मेद इथे येऊन ओरडला होता, "आत्ती, तिला पाठव कुठंतरी! माझ्या दुकानासमोर रोज एक गाडी उभी राहते. मला लेकरं हायत." मी त्याला भित्रा म्हटले.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. डॉक्टर तयार झाल्या. दुसरा मिळेना. शेजाऱ्यांना एकदम गावाला जायचे होते. बार असोसिएशनमधल्या एका सहकाऱ्याने चष्मा विसरल्याचे सांगितले; तो त्याच्या खिशात दिसत होता. एकाने फोनच उचलला नाही. आज दुपारी डॉक्टर बसून राहिल्या होत्या आणि कागद तसाच पडला होता. आदितीने भावाला फोन केला. तो जयसिंगपुराहून आला, उभ्याने सगळे वाचले, कलम चार दोनदा वाचले.

"मी करतो सही," तो म्हणाला.

मी सांगितले, "तुला यात हिस्सा आहे. कायदा आडवा येत नाही, पण समोरचा वकील पहिले बोट तिथेच ठेवेल."

"मग मला काय देऊ नको."

"दुकान आहे ते, सम्मेद."

"बहिणीचा भाडेकरू होतो की. ती काय मला काढणार हाय?" तो हसला नाही. "गाडी आजबी उभी हाय, आत्ती. मी भित्राच हाय. पेन दे लवकर, न्हायतर मन फिरंल."

कलम मी त्याच्यासमोर खोडले. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) विजयमाला तवनाप्पा कुंभोजे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. प्रियदर्शनी मोहिते, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर

२. (सही) सम्मेद कुंभोजे, राहणार जयसिंगपूर. पत्ता पूर्ण लिहू नकोस असे मी म्हणाले होते. त्याने दुकानाचे नाव, गल्ली आणि फोन नंबर लिहिला आहे:
कुंभोजे कृषी अवजारे, पाचवी गल्ली, जयसिंगपूर. फोन नंबर मागील पानावर, साक्षीदाराच्या अक्षरात.