सुनेचं औषध, माझ्या देखरेखीखाली

कार्तिक वद्य ५, फसली १३४६
आजपासून रोजनिशी. आमच्या वस्तीत दुसरी पास झालेला धनगर मी एकटाच. डोक्यातलं कागदावर उतरलेलं बरं.
काळजी सुनेची. सुगंधा, रायभानची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. आता तेही नाही. भर उन्हात घोंगडी पांघरते. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, फणीत मूठभर केस. भाकरी थापता थापता डुलकी घेते. माझी थोरली बहीण कडूबाई म्हणते, आळशी हाय, दुसरं काय. तिनं रायभानसाठी सोनपेठची पोरगी बघून ठेवली आहे. दुसरी बायको आली की सुगंधेचं काय, विचारलं. म्हणाली, राहील गोठ्याकडं. मी तिला ठणकावलं. म्हणजे, पुढच्या दिवाळीपर्यंत थांब म्हणालो. ती म्हणाली, वर एक दिवस न्हाई. मी हो म्हणालो. हे धोरण आहे.

कार्तिक वद्य ९
सुगंधेला घेऊन परभणीच्या दवाखान्यात जाऊन आलो. जिंतूरहून मोटार. मोटार लागली, पण मी कुणाला कळू दिलं नाही. शेजारच्याला कळलं, त्याचं धोतर खराब झालं.
डॉक्टरीणबाईनं सुगंधेचा गळा चाचपला, नाडी पाहिली. म्हणाली, गळ्यात एक ग्लँड असते, हिची सुस्त पडली आहे. तिचा रस कमी पडला की सगळं अंग मंदावतं. पाळीचा नेम राहत नाही, गर्भ धरत नाही, धरला तर टिकत नाही. आळस नाही हा, आजार आहे. मी विचारलं, पुरुषाला ग्लँड असते का. असते म्हणाली. तेव्हापासून माझा गळा दुखतो आहे.
रोज एक टॅबलेट. दिवस राहिले तरी सोडायची नाही, कारण मूल सुरुवातीला आईच्याच रसावर वाढतं. टॅबलेट कशाची, विचारलं. म्हणाली, मेंढीच्या गळ्यातली तीच गाठ वाळवून विलायतेत भुकटी करतात.
मेंढीच्या!

मार्गशीर्ष शुद्ध २
दारात दीडशे मेंढरं, आणि आम्ही मेंढीचा गळा विलायतेहून आणायचा! ती मेंढी मेली कधी, वाळवली कधी. ताजं ते ताजं. बायकोला, म्हाळसाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरीण शिकलेली हाय. मी विचारलं, डॉक्टरिणीनं किती मेंढ्यांची बाळंतपणं केली? ती चुलीकडं वळली. पटलं असावं.
तरी आणल्या आहेत तर टॅबलेट चालू देत. घाई माझ्या स्वभावात नाही.

पौष वद्य ४
सुगंधेनं घोंगडी टाकली. दळताना गाणं म्हणायलीय. आज मला म्हणाली, मामा, अंगणात थुंकू नका, आत्ताच सारवलंय. सहा वर्षांत पहिला उलट शब्द! ग्लँड जागी झाली. बाहेर जाऊन थुंकलो.

फाल्गुन शुद्ध ३
दिवस राहिले.
हातपाय गार पडले. माझे. कडूबाई म्हणाली, पोटुशी बाई अन् विलायती गरम गोळी? उतू जाईल गर्भ. पटलं. हुकूम सोडला: टॅबलेट बंद, ताजं सुरू.
मुलाण्याला सांगून ठेवलं, मेंढरू कापलं की गळ्याच्या गाठी मला. तो हसून म्हणाला, लोकां कलेजी मांगते, आश्रुबा गाठां मांगता! हसू दे. म्हाळसाबाईला बजावलं, बारीक चिरून कालवणात घाल, सुगंधेला काय आहे ते सांगू नको, आणि कणभरही टाकायचं नाही. लगेच बरं म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात लगेच बरं कधी म्हणाली नव्हती. धाक वाढला आहे माझा.

चैत्र शुद्ध ८
तिसरा महिना. सुगंधा कूस वळली तरी मी उठून बसतो. छातीत धडधड. म्हाळसाबाई म्हणते, झोपा, पोर तुमच्या पोटात न्हाई.

ज्येष्ठ शुद्ध १०
तिसरा गेला, चौथाही गेला. ताज्या गाठींचा गुण! सुगंधा ठणठणीत.
मी मात्र खालावलो. चार भाकरी खातो तरी धोतर कमरेला ठरत नाही. घाम. हात इतका कापतो की अक्षर ओळखू येईना. काल एका एडक्याशी भांडलो. तो मागं हटला, मी नाही. जबाबदारी माणसाला खाते.

श्रावण वद्य ११
श्रावण पाळला. मुलाण्याचं काम बंद. मला आता झोप लागते, छाती शांत. सुगंधेचा सातवा चालू आहे म्हणून जीव निवांत झाला असणार. गाठींचा खाडा पडला याची काळजी आहे. गौरी गेल्या की दुप्पट द्यायचं ठरवलं.

भाद्रपद वद्य १२
दुप्पट सुरू. धडधडही दुप्पट. पण कालवणाला चव आहे.

आश्विन वद्य ९. परभणी, दवाखान्याचा ओटा
सुगंधेला पहाटेपासून कळा. कडूबाईही आली आहे. दिवाळी चार दिवसांवर आली म्हणाली, पोरीवाल्यांना काय सांगू? मी करारी उत्तर देणार होतो, पण उठताना डोळ्यांपुढं अंधारी

आश्विन वद्य १०
काल पुढचं लिहायचं राहिलं, कारण मी पडलो.
मुलगी झाली. चांगली भरलेली. रडणं रस्त्यापर्यंत. कडूबाई म्हणाली, पोरगीच व्हय. रायभान कधी चार शब्द सलग बोलत नाही. तो म्हणाला, आत्या, सोनपेठच्या पोरीला दुसरं घर बघ.
डॉक्टरीणबाईनं माझी नाडी धरली, हात पाहिले, विचारलं, खातात काय हे? मी सगळी योजना समजावून सांगितली. तिचा चेहरा पडला. तेव्हा म्हाळसाबाई पुढं झाली. म्हणाली, पोरीची गोळी एक दिवस चुकू दिली न्हाई, रायभान आणून द्यायचा. गाठीच्या वासानंच तिला उलट्या व्हायच्या. ह्यांनी तर टाकू नको म्हणून बजावलेलं. मग ह्यांच्याच ताटात वाढत गेले.
डॉक्टरीणबाईला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाली, सुनेची ग्लँड मी वर आणली, तुमची तुम्ही डोक्यावर घेतली. गाठी बंद. महिनाभर पडून राहायचं, चालायचं नाही.

कार्तिक शुद्ध ६
घरी आलो. जिंतूरपासून बैलगाडी. बाळंतिणीसाठी अंथरलेल्या गादीवर मला निजवलं, वर घोंगडी घातली. सुगंधा पोरीला मांडीवर घेऊन पुढं गाडीवानाजवळ ताठ बसली होती. वेशीत बाया भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं आणि आधी माझ्यावरून ओवाळला.