आईचा तिसरा हात

रविवार, संध्याकाळ

थकलो आज. हौशी फोटोस्पर्धेसाठी आईचं पोर्ट्रेट काढत होतो. चेहरा, हात, सोफा असे तुकडे जवळून टिपायचे आणि संगणकावर जोडायचे. हलू नकोस म्हटलं होतं. तरी मधेच तिचा हात शेजारी बाबांच्या जागेवर गेला. बाबा जाऊन महिनाच झालाय. जोडलेल्या फोटोत तिला तीन हात आले. दोन मांडीवर, एक त्या रिकाम्या जागेवर.

"बरंय की, कामाला एक जास्त," आई म्हणाली.

मुदत आजच संपते. तो हात पुसला की फोटो पाठवता येईल. पुसायला बसलो, जमेना. की मलाच नको होतं? शेवटी तिला म्हटलं, "बिघडलाय, पाठवत नाही."

"मग मला मोठा छापून दे. आहे तसा."