बांधावरचा वीस फुटी पाइप

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : श्रीमती इंदिरा आनंद सपकळ, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त गणित प्राध्यापिका, राहणार बारामती, शेतजमीन भवानीनगरजवळ, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांनी माझ्या हाताखाली गणित गिरवले त्यांना दाखल्याची गरज पडू नये, पण कोर्टाला पडते. हा कागद मी कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या गोड बोलण्यालाही भुलून नाही, माझ्या मर्जीने करत आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुढे जायचे रक्त थोडे मागे फिरते, असे निदान झाले आहे. शस्त्रक्रियेला मी नकार दिला आहे. तेव्हा लिहायचे ते आताच लिहिलेले बरे.

कलम १. माझे यजमान आनंद सपकळ, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, हे २०१६ साली वारले. मला मुलगा मिहिर आणि मुलगी पूर्वी अशी दोनच अपत्ये. तिसरा वारस नाही, आणि कोणी उपटसुंभ उभा राहिलाच तर त्याला या कलमाकडे बोट दाखवावे.

कलम २. बारामतीचे राहते घर दोघांना समान. विकायचे असेल तर खुशाल विकावे, माझा जीव विटांत अडकलेला नाही. बँकेतील ठेवीही समान. माझ्या पाटल्या पूर्वीला आणि गोफ सुनेला. यावरून कोणी तोंड वाकडे केल्यास दोन्ही नरसिंहपूरच्या देवळात द्यावीत.

कलम ३. यजमानांचा मल्टिमीटर मिहिरला. हे यंत्र तारेच्या दोन टोकांना लावले आणि तार मध्ये कुठेही तुटलेली नसली, तर बारीक शीळ घालते. यजमान त्याला कंटिन्युइटी, म्हणजे सलगपणा, म्हणत. घरातली इस्त्री, मिक्सर, शेजारच्यांची ट्यूब, कशाचीही शीळ ऐकू आली की त्यांचा चेहरा खुलायचा. मिहिर पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे त्याच्या कामाचे नावच कंटिन्युइटी आहे : बँकेची यंत्रे एका शहरात बंद पडली तर कारभार क्षणात दुसऱ्या शहरातून चालू झाला पाहिजे. दोन शहरे जोडून ठेवणाऱ्या या माझ्या मुलाने गेल्या अकरा वर्षांत सर्जेराव काकाला एक फोन केलेला नाही. मिहिर, राग मानू नकोस. मल्टिमीटरचा सेल बदलून घे.

कलम ४. माझी पुस्तके पूर्वीला. ती सिव्हिल इंजिनिअर आहे, पुलांचे आराखडे करते. शिकत असताना मला येऊन सांगायची, "आई, सलग तुळईच्या एका गाळ्यावर वजन आलं ना, की शेजारचे गाळे आपोआप थोडं उचलतात. तुकड्या-तुकड्यांची असली तर ज्याचं त्यानं." हे मला माझ्या विषयाइतकेच सुंदर वाटायचे. मी वर्गात तीस वर्षे सातत्याची व्याख्या शिकवली. डावीकडून येत गेलो आणि उजवीकडून येत गेलो तर एकाच ठिकाणी पोहोचायला हवे, आणि त्या ठिकाणी खरोखर काहीतरी असायला हवे. पोरे पहिला भाग लक्षात ठेवायची आणि दुसरा विसरायची. प्रत्येक परीक्षेत मार्क तिथेच जायचे.

कलम ५. शेतजमीन. हे कलम लांबेल, वकीलसाहेबांनी काटछाट करू नये.

आमच्या रानाला पाणी नीरा नदीवरून येत असे. माझे यजमान आणि त्यांचे धाकटे बंधू सर्जेराव, जे कारखान्यात साखर शिजवण्याच्या पॅनवर होते, या दोघांनी मिळून ती पाइपलाइन टाकली. नदीकाठची मोटर, मग डांबरी रस्त्याखालून, मग सर्जेराव भावजींचे रान, मग बांध, मग आमचे रान. जमिनीची वाटणी झाली, पाइपलाइनची झाली नाही. एक आठवडा त्यांची पाळी, एक आठवडा आमची. सर्जेराव भावजी तेव्हा म्हणायचे, "वहिनी, पॅनमधी मागल्या पाकातलं थोडं ठेवल्याबिगर फुडचा दाना धरत न्हाय. घराचं बी तसंच हाय." त्यांच्याकडे सातत्य हा शब्द नव्हता, गोष्ट तीच होती.

२०१३ च्या दिवाळीत आमच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचेना. यजमानांनी मल्टिमीटरने मोटर तपासली, शीळ वाजली, मोटर ठीक. पूर्वी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीला आली होती. बंद नळीत एका टोकाने जेवढे पाणी शिरते तेवढेच दुसऱ्या टोकाने निघाले पाहिजे, हे ती नुकतेच शिकली होती आणि नवे शिकलेले कुठे वापरू असे तिला झाले होते. तिने नदीकडचे पाणी मोजले, आमच्याकडचे मोजले. बरेच कमी भरले. म्हणजे मध्ये कुठेतरी जाते आहे.

यजमान तो कागद घेऊन तडक बांधावर गेले. मी मागोमाग गेले, म्हणून शब्द मला माहीत आहेत.

"सर्जेराव, पाणी हवेत जात न्हाय. तिकडं सोडलेलं हिकडं निघालं पायजे. मधी फक्त तुझं रान हाय."

"दादा, मला बी कमीच येतंय की. दोन म्हैनं झालं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"म्हनलं नदीलाच कमी आसंल. मी चोर हाय व्हय, दादा?"

यजमानांनी हातातला कागद पुढे केला. तेवढे पुरेसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव भावजींनी बांध खणला, लाइनीतला वीस फुटी पाइप काढून आमच्यापुढे आडवा टाकला आणि म्हणाले, "बघा हेच्यात चोरीचं भोक हाय का. आन् हितनं फुडं ही लाइन तुमची न्हाय." त्यांच्या बाजूचे टोक त्यांनी झाकण लावून बंद केले आणि पाइप परत उचलून नेला. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरच्या पाण्याला तोंड लावलेले नाही. यजमानांच्या तेराव्यालाही आले, मागे बसले, पानावरून तसेच उठले.

मध्ये फक्त सर्जेरावांचे रान नव्हते. रस्ताही होता. तो कोणाच्या सातबाऱ्यावर नाही म्हणून कोणाच्या डोक्यातच आला नाही. आमच्या घरात वीज कळणारा होता, पाणी कळणारी होती, गणित कळणारी मी होते. प्रत्येकाने आपापल्या विषयाचे सातत्य तपासले आणि ते बरोबरच निघाले. २०१६ ला रस्ता रुंद करताना यंत्राने तो भाग उकरला. उसाच्या ट्रॉल्यांच्या ओझ्याने पाइपचा सांधा कधीचाच फुटला होता, पाणी खालच्या मुरमातून जुन्या ओढ्याला जात होते. रस्त्याच्या कामातच तो सांधा नवा बसवला गेला. यजमान तिथे उभे राहून बघून आले. त्या दिवशी ताटावरून उठले. "उद्या जाऊन येतो सर्जाकडं," म्हणाले. पुढे रोज म्हणायचे. त्याच वर्षी चैत्रात गेले.

पूर्वी, हे तुझ्यासाठी. तू तेव्हापासून शेतावर आलीस की बांधाकडे पाठ करून बसतेस, ते मला दिसते. तुझा हिशोब बरोबर होता. पाणी कुठेतरी जात होते, एवढेच तो सांगत होता. त्या उत्तरापुढे माणसाचे नाव तू लिहिले नव्हतेस. हे मी तुझी आई म्हणून नाही, पेपर तपासणारी म्हणून सांगते आहे.

आता जमिनीचे. बोअरचे पाणी खारट झाले आहे आणि आटतही आले आहे. मिहिरचे म्हणणे, पाण्यावाचून रान म्हणजे नुसता सातबारा, विकून टाकू. पूर्वीला ठेवायचे आहे. दोघांचेही चूक नाही. लाइन जोडली तर रान जगेल, नाही तर मिहिर म्हणतो तेच होईल. जमीन दोघांना सामाईक देत आहे. माझ्यामागे एक वर्ष ती विकू नये. वर्षात नदीचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोहोचले नाही, तर विकावी आणि मला दोष देऊ नये.

कलम ६. माझ्या अस्थी नरसिंहपूरला, नीरा भीमेला मिळते तिथे सोडाव्यात. यजमानांच्याही तिथेच सोडल्या आहेत. आमच्या रानाला शिवून उरलेले पाणी शेवटी तिकडेच जाते. घाटावर भाषणे नकोत.

कलम ७. सर्जेराव सपकळ यांस. बांधावरून काढलेला तो वीस फुटी पाइप यजमानांनी विकत आणलेला होता, म्हणून आज तो माझ्या मालकीचा आहे. तो सर्जेराव भावजींच्या गोठ्यात, आढ्याखाली दोरीने टांगलेला आहे. माझ्या बांधावरून दिसतो. प्लास्टिकचा पाइप उन्हात टाकला तर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो. अकरा वर्षे सावलीत टांगून ठेवणाऱ्याने तो फेकायला ठेवलेला नसतो.

गणितात तुटण्याचे प्रकार आहेत. एकात रेघ एका उंचीवरून थेट दुसऱ्या उंचीवर उडी मारते, तिला काही उपाय नाही. दुसऱ्यात दोन्हीकडची रेघ अगदी एकाच ठिकाणी येऊन थांबते, फक्त तेवढा एक बिंदू रिकामा असतो. तो भरला की रेघ सलग. आपले तुटणे या दुसऱ्या प्रकारचे आहे, भावजी. म्हणून तो पाइप मी तुम्हाला देते. अट कोणतीही नाही. गोठ्यात ठेवा, विका, जाळा. तुमच्यावर आळ घेतला गेला तो खोटा होता, आणि तो खोटा आहे हे कळल्यावरही तुमच्या दादांचे पाय तुमच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांच्या बाजूने हे मी लिहून देते. तुम्हीही हट्टाला पेटलात आणि वहिनीच्या हातचे पाणी सोडलेत, याचा माझा राग मात्र तसाच शिल्लक आहे. तो मी कोणालाच देत नाही.

कलम ८. हे कलम आज, सही करण्यापूर्वी, वाढवले आहे.

मसुदा परवा टाइप होऊन आला. पूर्वीने कलम पाच आणि सात वाचले, गाडी काढून सरळ भवानीनगरच्या रस्त्याला लागली. परत आल्यावर तिने सांगितले ते लिहिते. भावजी गोठ्यात वैरण टाकत होते. तिने उभ्या उभ्याच म्हटले, "काका, तेव्हाचं ते गणित माझं होतं." आणि कलम सात वाचून दाखवले. भावजी बराच वेळ वैरणच टाकत राहिले. मग म्हणाले, "रस्ता उकरला तवा मी बी तितं व्हतो, पोरी. दादा चराच्या अलीकडं, मी पलीकडं. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं. मला वाटलं, आता येतोय. त्याला बी वाटलं आसंल, सर्जा येतोय."

मी तीस वर्षे जी व्याख्या शिकवली तिचा विसरला जाणारा दुसरा भाग माझ्या घरातल्या दोघांनी असाच सोडून दिला होता, आणि मला ते आठ वर्षांनी कळले. दोन्हीकडून दोघे त्याच जागेपर्यंत आले होते. त्या जागेवर कोणी नव्हते. मी हे ऐकून रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

काल पूर्वी पुन्हा शेतावर गेली होती, कशाला ते मला सांगितले नव्हते. आज सकाळी भावजी स्वतः बारामतीला आले. साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाले. ॲडव्होकेट ऋषिराज यांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे शंका काढल्या जातात. एक तर पाइप घ्या, नाही तर सही करा. भावजी म्हणाले, "मग सही करतो. पाइप काय माझ्या नावावर करताय सायेब. त्यो काल बसवला. पूर्वीनं सांधा धरला, मी सोल्युशन लावलं."

सबब कलम ७ मधील देणगी रद्द करण्यात येत आहे. कारण, द्यावयाची वस्तू जागेवर बसवली गेली असून देण्यास शिल्लक नाही. कलमातील बाकी मजकूर कायम ठेवावा. त्यातली रागाची शेवटची दोन वाक्ये खोडावीत.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी स्वतःही चष्मा लावून वाचले, बरोबर आहे. अंमलबजावणी ॲडव्होकेट ऋषिराज यांनी करावी.

ठिकाण : बारामती
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

(सही) इंदिरा आनंद सपकळ

साक्षीदार १ : (सही) रेश्मा बोराटे, शेजारी, बारामती. श्रीमती इंदिराबाईंनी आम्हा दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार २ : (सही) सर्जेराव सपकळ, शेती. वहिनीनी माझ्या म्होरं सही केली. काल सांजच्याला पाणी शेवटच्या वाफ्याला गेलं ते मी बघितलं. आज हितं तांब्याभर पाणी मागून घेतलं, ते पिलो आन् मग सही केली.