लिफ्टमधल्या बाळंतपणाचा माफीनामा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

विषय : प्रथम वर्षाच्या निवासी डॉक्टरकडून माफीनामा मागवल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे पत्र.

महोदय,

आपले पत्र पालक या नात्याने मला मिळून बावीस दिवस झाले. उत्तर दिले नाही. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवले. डॉक्टरांच्या कामात तोंड घालावे की नाही, हे ठरत नव्हते.

१. सोबतचा रात्रपाळीचा तक्ता वाचला. प्रथम वर्षाने रुग्ण दाखल करावेत, बाळाचे ठोके मोजावेत, रक्तासाठी धावावे, कागद भरावेत. द्वितीय वर्षाने बाळंतपणे करावीत, तृतीय वर्षाने शस्त्रक्रिया. वरिष्ठांच्या रकान्यात 'घरून उपलब्ध' असे आहे. वर्गीकरण निर्दोष आहे.

२. त्या रात्री माझ्या नातीने, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाने, खालूनच तिघांनाही फोन केले. द्वितीय वर्ष टाके घालत होते, तृतीय वर्ष शस्त्रक्रियागृहात होते. वरिष्ठ नियमानुसार घरी उपलब्ध होते, फोन तेवढा उचलला नाही. कळा देणाऱ्या बाईला प्रसूतिकक्षात वर नेताना दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टमध्येच बाळ आले. नाळ गळ्याभोवती होती. नातीने ती सोडवली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

३. 'अधिकाराबाहेर जाऊन बाळंतपण केले' म्हणून तिने माफी मागावी, अन्यथा तिचे प्रथम वर्ष सहा महिन्यांनी वाढेल, असे आपण कळवता. पहिली आगळीक बाळाची आहे. त्याच्याकडूनही खुलासा मागवावा. पत्ता नोंदवहीत नातीच्याच अक्षरात आहे. तसेच तक्ता लिफ्टच्या दारावर लावावा, म्हणजे बायकांना कळा वेळीच आवरता येतील. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक सापडेपर्यंत वाट पाहते. बाळ पाहत नाही, एवढे मलाही कळते.

४. स्वभावाने भित्रा असल्याने मी नातीला म्हणालो, सही करून टाक, सहा महिने वाचतील. छत्तीस तासांची ड्यूटी करून ती नुकतीच आली होती, एक बूट पायातच होता. "आजोबा, काय लिहू? पुढच्या वेळी हात लावणार नाही म्हणून?" असे विचारून ती तशीच झोपली. तो बूट मी काढून ठेवला.

सबब, ती सही करणार नाही, आणि मी तिला पुन्हा सांगणार नाही. पाकीट कोणाच्या हाती न देता मीच पेटीत टाकून येत आहे. टेबलावर राहिले तर फाडून टाकीन.

आपला नम्र,
(सही)
प्रथम वर्षाचे आजोबा
दि. २६ मार्च

सोबत : आपण पाठवलेला छापील माफीनामा, कोरा.