वळणावरचा हात

प्रिय इंद्रजित भाऊजी,

सहा वर्षांनी लिहितेय. साताऱ्याच्या डॉक्टरबाई माझी घाटाची भीती घालवायला एक उपचार करतात. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की मुलांच्या गेममधल्यासारखा रस्ता दिसतो आणि आपण खरंच गाडीत बसलोय असं वाटतं. काल पहिल्यांदाच घाट लावला. वळणावर समोरून ट्रक आला आणि माझा हात आपोआप उजवीकडे गेला, स्टेअरिंग ओढायला.

मी चष्मा काढून फेकला. सहा वर्षं न आठवलेलं सगळं तेव्हा आठवलं. भाऊजी, त्या दिवशी पसरणी घाटातही स्टेअरिंग मीच ओढलं होतं. गाडी तुम्ही चालवत होता, हे मागे झोपले होते. हे गेले, आणि मी सगळ्या गावासमोर तुम्हाला खुनी म्हटलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मला ठावं हाय. इंद्रजितनं तवाच सांगितलं हुतं. म्हणला, वहिनीला आठवत न्हाई, तर ऱ्हाऊ दे. तिला जगायचं हाय."

सख्ख्या भावाच्या तेराव्याला तुम्ही माझ्या शब्दामुळे मांडवाबाहेर उभे राहिलात. पाचगणीला जाऊन परक्याच्या मळ्यात स्ट्रॉबेरी तोडताय. एकदाही तोंड उघडलं नाहीत!

हे पत्र टाकणार नाही. कागदावर माफी मागून मोकळं होणं मला जमणार नाही. उद्या पहिल्या एस.टी.नं तोच घाट चढून येतेय. तुम्ही दार उघडलं नाहीत, तर बाहेर बसून राहीन.

तुमची अपराधी वहिनी,
क्रांती