नराची दोरी

ब्रिस्बेन

लाडक्या एटीस, थोरलीचे आशीर्वाद.

तब्येत बरी आहे. जेवण असं, की कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची बेचव लापशी आठवावी.

आपल्या बेटाच्या किनाऱ्याला वाहत आलेल्या मासेमारीच्या फाटक्या जाळ्यांची मी विणलेली कासवं इथल्या संग्रहालयात एकेका दोरीला टांगली. वाळू तापल्यामुळे आता अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्याच निघतात, असं शास्त्रज्ञ मार्गोबाईंनी मोजलंय. म्हणून एक दोरी, नराची, आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली. तर इथल्या व्यवस्थापकाने तिथेही कासव लटकवलं!

"आजी, मोकळं बरं नव्हतं दिसत."

"बरं दिसायला मी काय पडदे विणलेत?" म्हटलं, आणि उतरवायला लावलं.

दादा गेल्यापासून ओसरीवर त्याची खुर्ची रिकामी आहे, ती कुणी हलवली नाही ना? हलवू देऊ नकोस. ती दोरी मला तिच्यावरूनच सुचली.

तुझीच,
रोझेला