सतरा नंबरची शाखा

४ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मला चक्क खिडकीजवळची जागा मिळाली! काम सांगायला सोपं आहे. कंपनीच्या बेचाळीस शाखा, प्रत्येक शाखेत एक सर्व्हर. नवं सॉफ्टवेअर आलं की त्याचं पॅकेज बांधून इथल्या मुख्य सर्व्हरवरून सगळीकडे पाठवायचं; तिथून ते शाखेतल्या मशीनवर उतरतं. उतरलं की माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण. साहेब म्हणाले, आपण पोस्टमनच, फक्त सायकल नाही. स्वतःच इतके हसले की मलाही हसावं लागलं. माझ्या जागेवर आधी ज्या बाई होत्या, त्यांची वही खणात सापडली. अक्षर सुरेख. सगळं नीट लिहून ठेवलंय. जीव भांड्यात पडला.

६ मार्च

पहिलं पॅकेज पाठवलं. बेचाळीस हिरव्या खुणा! सतरा नंबर सगळ्यांत आधी. तिथली सहाही मशीन झटपट. साहेबांना कौतुकानं सांगायला गेले तर त्यांचा चेहराच उतरला. सतरा नंबरची शाखा दोन वर्षांपूर्वी आगीत गेली, म्हणाले. सहा माणसं होती. सर्व्हरचा तर नुसता गोळा उरला होता. नाव यादीतून काढायचं राहिलंय, तेवढं काढून टाक.

काढलं.

७ मार्च

सकाळी नाव यादीत परत. सहा मशीन नऊला चालू झाली आणि अकराला त्यांनी पॅकेज मागितलं. वही उघडली. शेवटची कित्येक पानं एकाच ओळीची, रोजची तारीख घालून: ‘सतरा – पाठवलं.’

वहीच्या पुठ्ठ्यावर बाईंचा फोन नंबर होता. लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, अजून मागतायत का?

८ मार्च

अर्धी रजा टाकून बाईंकडे गेले. मुलगा-सुनेकडे राहतात. चहा समोर ठेवला, स्वतः घेतला नाही. त्यांची धाकटी बहीण, चिमी, त्या शाखेत होती. त्या दिवशी मोठं पॅकेज चाललं होतं. चिमीनं फोन करून सांगितलं, ताई, कसला तरी जळका वास येतोय, आम्ही जरा बाहेर जाऊ का? बाई म्हणाल्या होत्या, नव्वद टक्के झालंय गं, मशीन सोडून उठू नका, पूर्ण होऊ दे.

त्यांचा हात धरून बसून राहिले.

११ मार्च

पॅकेजमधून मशीनवर निरोपही झळकवता येतो. बाईंना फोनवर विचारून मजकूर घातला: ‘काम झालं. मशीन राहू द्या. उठा आणि बाहेर पडा.’

अकराला पाठवलं. एक मशीन बंद झालं. मग दुसरं. पाच गेली. मी खुर्चीत रडले.

सहावं चालूच आहे.

१२ मार्च

सहावं चालूच. निरोप पोचलाय – तरी दर मिनिटाला विचारतंय, पूर्ण झालं का. बाई म्हणाल्या, ती चिमीच. मी तोंडानं सांगितल्याशिवाय उठायची नाही. उद्या येते तुझ्या ऑफिसात.

१३ मार्च

बाई आल्या नाहीत. सुनेचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या.

मी इथूनच, माझ्या स्क्रीनवरून, ते मशीन बंद करायला गेले. हात होईना.

१४ मार्च

टेबलावरचा फोन वाजला. त्यावर दर शाखेचा एक दिवा आहे; सतराचा लागला. उचलला नाही. साहेब शेजारीच उभे, त्यांना ऐकूच आलं नाही –

१५ मार्च

उचलला. कुणीतरी खोकत होतं. मग म्हणाली, ताई, किती वेळ थांबू गं?

ठेवून दिला. पाया पडावंसं वाटलं तिच्या. ठेवून का दिला मी –

१८ मार्च

परत तोच दिवा. आज ताई होऊनच बोलले. ही माझी डायरी पुढ्यात आहे, बोलता बोलता जमेल तसं लिहितेय. म्हटलं, चिमे, झालं गं पूर्ण. ऊठ. पर्स राहू दे, तशीच नीघ.

ती रडली. म्हणाली, केव्हाची वाट बघतेय तुझी.

उठलेय म्हणतेय. काही दिसत नाही म्हणतेय –

इथेही धूर – खिडकी दिसत नाही –

ताई, हात दे म्हणतेय. कुठे आहेस, हात दे –

अगदी जवळून. फोनमधून नाही –

देते गं, थांब, हा माझा हा